तू देवी झाली नाहीस

आई, काल तुझं कार्य उरकलं. आज सकाळी मांडववाल्याची माणसं येऊन कनाती सोडून घेऊन गेली आणि अंगण एकदम मोठं दिसायला लागलं. भेटायला येणारे मात्र थांबलेले नाहीत. कल्याणहून येतात, पनवेलच्या बाजूने येतात, काहींना तर आम्ही ओळखतही नाही. तुझ्या फोटोपुढे हात जोडतात आणि जाता जाता एकच वाक्य बोलतात, की बाई नव्हती, देवी होती. मी मान हलवते. नीलेश माझ्याकडे बघतो आणि मग जमिनीकडे. तू समोर असतीस तर त्या माणसाला तिथल्या तिथे गप्प केलं असतंस, आणि मग जेवल्याशिवाय उठू दिलं नसतंस.

तू देवी नव्हतीस. देवी होण्याची पुरेपूर संधी तुला मिळाली होती, तू ती थोडी चाखलीही होतीस, आणि मग उठून निघून आलीस. माझ्या लेखी तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. पण ती सांगायला गेलं की लोकांना वाटतं, सून सासूचं काहीतरी उणं काढतेय. म्हणून तुलाच सांगते. तुझ्यापासून लपवायचं असं यात काही नाही, उलट तूच मधे मधे माझं चुकलेलं दुरुस्त केलं असतंस.

नीलेशने मला पहिल्यांदा तुझ्याकडे आणलं तेव्हा मी प्रत्येक वाक्यात ‘तुम्ही’ म्हणत होते. मी डोंबिवलीची, आईवडील दोघंही शिक्षक, मोठ्यांशी बोलायची एक ठरलेली पद्धत. तू बराच वेळ ऐकून घेतलंस आणि मग अगदी गंभीरपणे विचारलंस, तुम्ही म्हणजे किती जणी, इथे तर मी एकटीच बसलेय. मग म्हणालीस की आपल्याकडे आईला तू म्हणतात आणि देवालाही तूच म्हणतात. मी, मला शहाणपणा दाखवायची भारी हौस होती, लगेच सांगून टाकलं की मी देव मानत नाही. नीलेशचा चेहरा उतरला. तू माझ्या ताटात तांदळाची आणखी एक भाकरी टाकलीस आणि म्हणालीस, बरं, मग मला तरी तू म्हण.

तिथून आपला वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत मिटला नाही.

तू धवलारीण. हा शब्द मला लग्नाआधी माहीतही नव्हता. भटजी मंगलाष्टकं म्हणतात ते नंतर; त्याच्या आधी आगरी घरातलं लग्न धवलारणीच्या गाण्यावर चालतं. मांडव घालायचं गाणं वेगळं, उंबराची फांदी आणायचं वेगळं, हळदीचं वेगळं. आणि सगळ्यात आधी आवतण. गावदेवीपासून एकवीरेपर्यंत एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचं, आणि ते सगळे आले असं धरूनच पुढचं लग्न लावायचं. आमच्या लग्नात तू स्वतःच्याच मुलाचे धवले, म्हणजे हीच गाणी, गायलीस. पहिली ओळ तू टाकायचीस आणि तुझ्याशेजारी बसलेली कमळामावशी ती तुझ्या तोंडातून अलगद उचलून पुढे न्यायची. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, एकाच मिठागरावर आया काम करायच्या तेव्हापासूनच्या. तुमच्या आवाजांत सांधा दिसायचा नाही. माझी आई, जी कुठल्याही गाण्यात आधी सूर तपासते, ती डोळे पुसत बसलेली मी बघितली.

रात्री डीजे लागला, तरुण पोरं नाचली, तूही थोडी नाचलीस. पण सकाळची हळद देवाची आणि रात्रीची हळद माणसांची, हे तुझं पक्कं होतं. गावात जमिनींचे पैसे आले, भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले, प्रत्येक घरापुढे मोठी गाडी आली. आपलंही कौलारू घर जाऊन दुमजली बंगला झाला. तुला त्याचं ना कौतुक ना दुःख. मांडवात जमिनीवर बसायला मिळतंय तोवर वर स्लॅब आहे की कौलं, याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तू म्हणायचीस.

मग सागर गेला.

नीलेशचा धाकटा भाऊ, तुझा लाडका. कमळामावशीच्या विकीच्या मागे बाइकवर बसून शीळफाट्याहून घरी येत होता. विकी चालवत होता. वळणावर बाइक घसरली, सागर डोक्यावर पडला. विकीचा पाय मोडला, तो वाचला. गावाने ठरवून टाकलं की विकी जोरात चालवत होता. खरं काय ते विकीलाही सांगता येत नव्हतं, त्याला वळणापर्यंतचंच आठवत होतं. कमळामावशी आपल्या दारात आली. तू तिला आत ये म्हणाली नाहीस आणि जा असंही म्हणाली नाहीस. ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली, आणि मग तिची जाऊ तिला घेऊन गेली. दोन गल्ल्या पलीकडचं घर, पण त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींच्या समोर आला नाहीत.

तू देव्हाऱ्यातले चांदीचे टाक काढलेस, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेस आणि लोखंडी कपाटात ठेवून दिलेस. गाणं बंद. लग्नाची बोलावणी आली की नीलेश फोनवर नकार द्यायचा. मी देव न मानणारी, पण रिकामा देव्हारा बघून मला बरं वाटलं असं अजिबात नाही. स्वयंपाकघरात जाता-येता ती रिकामी जागा माझ्या अंगावर यायची. आणि तू रोज तिच्यासमोर जाऊन बसायचीस. ओठ हलायचे. मला आधी वाटलं जप करतेयस, मग एकदा जवळून ऐकलं तर तू भांडत होतीस. नावं ठेवत होतीस, जाब विचारत होतीस, पुन्हा पुन्हा तेच.

मला राहवलं नाही. मी तुझ्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं, “आई, तो नाहीच आहे. मग उत्तर कुठून येणार?”

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी काहीतरी फार बालिश बोलून गेले.

“तो नाय तर मी भांडू कोनाशी?” तू म्हणालीस. “मना भांडायला तरी तो पायजे.”

आपल्या वादात तू मला पहिल्यांदा निरुत्तर केलंस ते असं, रिकाम्या देव्हाऱ्यासमोर. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्याशी माणूस इतकं भांडत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुझी श्रद्धा संपली नव्हती. ती चिडली होती.

असा बराच काळ गेला. विकीचा पाय बरा झाला, चालण्यात थोडा लंगडेपणा राहिला. त्याचं लग्न ठरलं. गावातली धवलारीण तू, पण तुला बोलवायची कुणाची छाती होणार? कमळामावशीने दुसऱ्या गावातली एक म्हातारी धवलारीण सांगून ठेवली. हे मला आपल्या मासळीवालीकडून कळलं आणि मी ते तुझ्यापासून लपवायचं ठरवलं. पण तुझ्या घरात राहून तुझ्यापासून काही लपवणं म्हणजे काय ते तुला माहीतच आहे.

विकीच्या हळदीच्या दिवशी सकाळी मी उठून आले तर तू मोरीत बसून टाक घासत होतीस. चिंच आणि राख. एकेक टाक लख्ख करून तू पुसलास, देव्हाऱ्यात मांडलास, दिवा लावलास. मग नवं लुगडं नेसून बाहेर आलीस आणि मला म्हणालीस, चल. कुठे ते विचारायची गरज नव्हती. मी एवढंच विचारलं की देवाने उत्तर दिलं का. तू चप्पल घालता घालता सांगितलंस.

“नाय दिलं. पन मना कळलं, मी त्याला एकच गोष्ट इचारत व्हती. सागर का गेला, सागर का गेला. विकी कसा वाचला, ते मी इचारलंच नाय.”

आई, मी बऱ्यापैकी शिकलेय, बरंच वाचलंय, आणि दुःखातून माणूस कसा उठतो यावर पुष्कळ भाषणंही ऐकलीत. त्या सकाळी चप्पल घालता घालता तू जे बोललीस त्याच्या जवळपास जाणारं मी अजून काही ऐकलेलं नाही.

आपण दोघी चालत गेलो. मांडवात शिरल्यावर बायकांनी सरकून वाट दिली. विकी पाटावर बसला होता, तो उठायला लागला आणि त्या पायामुळे त्याला पटकन उठता येईना. तू त्याला हातानेच बस म्हणून खूण केलीस. ती दुसऱ्या गावची म्हातारी गाणं सुरू करायच्या बेतात होती. तू तिच्यासमोर वाकून परवानगी मागितलीस, की तुझं आवतण तू गा, मला फक्त शेजारी बसू दे. तिने तुला ओळखलं असावं. तिने हात धरून तुला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः सरकली.

तू देवांना बोलावलंस. आवाज आधी चिरका आला, इतक्या दिवसांनी घसा उघडत होता, मग मोकळा झाला. सगळे देव झाले. मग विकीच्या घरातली गेलेली माणसं, त्याचे आजोबा, त्याची आजी, त्याचा काका. आणि त्यानंतर तू सागरला बोलावलंस. नाव घेऊन. तुझ्या मित्राचं लग्न आहे, ये, असं गाऊन.

कमळामावशी तिकडे खांबाला धरून उभी होती. पुढची ओळ उचलायची तिची. ती तशीच रडत रडत आली, तुझ्या शेजारी मांडी घालून बसली, आणि ओळ उचलली. विकीला पहिली हळद तू लावलीस. त्याच्या गालावरून तुझा हात बराच वेळ निघाला नाही.

मी इथेच थांबले असते तर ही गोष्ट छान झाली असती. तुला मात्र ते पटलं नसतं. तू म्हणाली असतीस, पुढचं पण सांग, तेच कामाचं आहे.

मांडवातल्या कुठल्यातरी मुलीने ते गाणं मोबाइलवर घेतलं होतं. ते सगळीकडे पोचलं. लोकांनी बघितलं, रडले, पुढे पाठवलं. मग तुला बोलावणी येऊ लागली, आपल्या गावातली नव्हे, पार भिवंडी-उरणपासून. महोत्सवाच्या स्टेजवर तुझा सत्कार झाला, शाली साठल्या, नारळ खाऊन खाऊन आम्ही कंटाळलो. तुला ते आवडत होतं आणि मलाही आवडत होतं. का नाही आवडणार? इतकं सोसून उठलेली बाई, तिचं कौतुक व्हायलाच हवं होतं.

पण हळूहळू कौतुकाची जात बदलली. कुणीतरी म्हणालं, यमुनाबायने हळद लावली की संसार सुखाचा होतो. कुणी म्हणालं, मुलगा देवाला देऊन जिने क्षमा केली तिच्या हातात काहीतरी आहे. नवरा-नवरी लग्न झाल्यावर तुझ्या पाया पडायला यायला लागली, मग आजारी माणसं यायला लागली. मांडवातली जमीन सुटली. तुझ्यासाठी लाल मखमलीची, उंच पाठीची खुर्ची ठेवायला लागले, ती रिसेप्शनला नवरीसाठी असते ना, तसली. तू पहिल्यांदा तिच्यात अवघडून बसलीस. नंतर ऐसपैस बसायला लागलीस. गावाबाहेर ज्याची मोठी स्कीम चालू होती तो बिल्डर घरी आला आणि म्हणाला, गेटजवळ देऊळ बांधतो, देवळात मूर्ती देवीची आणि समोर एक खोली तुमची, लोक दर्शनाला येतील. तुझा फोटो रस्त्यावरच्या होर्डिंगवर लागला. हात आशीर्वादाला उचललेला.

आणि तू ‘मना’च्या जागी ‘मला’ म्हणायला लागलीस. माईकवर माझ्यासारखी बोलायला लागलीस, शब्द जपून, सावकाश.

आपलं सगळ्यात मोठं भांडण तेव्हा झालं. मी म्हटलं, आई, तू गातेस तोवर ठीक आहे, पण हे पाया पडणं थांबव. तू म्हणालीस, लोकांना बरं वाटतं तर तुझ्या पोटात का दुखतं. मी म्हटलं, तुलाही बरं वाटतं म्हणून. त्यावर तू म्हणालीस की जिला देव कळत नाही तिने त्यात बोलू नये. त्यानंतर आपण दोघी एकाच घरात जेवढ्यास तेवढं बोलत राहिलो. नीलेश मधल्या मधे. तो म्हणायचा, ती सागरच्या जागी काहीतरी भरतेय, भरू दे. मला वाटायचं की सागरची जागा या असल्या गोष्टीने भरत नाही, बुजते. पण बोलायचं कुणाशी?

मग ठाकुर्लीजवळच्या एका घरी हळद होती. प्रियांका नावाची मुलगी, बँकेत नोकरी करणारी, हसतमुख. साखरपुड्यानंतर तिची आई तिला तुझ्याकडे घेऊन आली होती आणि तू तिच्या डोक्यावर हात ठेवला होतास. तुझ्या लक्षातही नसेल, इतकी माणसं यायची. त्या दिवशी नीलेशला ऑफिस होतं म्हणून गाडी मी चालवत होते, नाहीतर मी मांडवात असते कशाला. सकाळची वेळ, तू खुर्चीत, प्रियांका पाटावर. आवतण अर्धं झालं होतं आणि ती मुलगी एकदम ताठ झाली, डोळे फिरले, बाजूला कोसळून झटके द्यायला लागली. बायका ओरडल्या. कुणी म्हणालं, अंगात आलं. कुणी तर तुझ्याकडे बघून हात जोडले, की आईंनी बोलावलं आणि देवी आली.

तू खुर्चीतून उठलीस ती जवळजवळ उडी मारूनच. मी सांगत होते तसं तिला कुशीवर वळवलंस, डोक्याखाली तुझा पदर घातलास, जमलेल्या बायकांना मागे हटवलंस. मग आपण तिला गाडीत घातलं. कल्याणकडे जाणारा तो रस्ता, तो ट्रॅफिक, मी हॉर्नवरून हात काढत नव्हते आणि मागे तू तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या नावाने हाका मारत होतीस. देवाचं नाव तू घेतलंस की नाही ते मला आठवत नाही. तिचं मात्र सतत घेत होतीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी फिट आली होती का. तिची आई रडत रडत सांगू लागली की लहानपणापासून आहे, गोळ्या चालू होत्या, पण आता आईंचा हात डोक्यावर पडला, लग्न ठरलं, म्हणून गोळ्या बंद केल्या. तू दाराशी उभी होतीस. प्रियांका वाचली, शुद्धीवर आली, तिने पाणी मागितलं. सगळे आत धावले आणि तू बाहेर बाकड्यावर बसलीस. मी तुझ्याजवळ येऊन बसले.

“मी बोललेली का तिला, गोल्या बंद कर म्हनून?” तू विचारलंस.

“नाही.”

“मग काय बोललेली?”

“काहीच नाही, आई. नुसता हात ठेवलास.”

तू तुझ्या हाताकडे बघत राहिलीस. मी मनात कितीतरी दिवस तयार करून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही मला तेव्हा सुचलं नाही याचं मला आज फार बरं वाटतं.

मुलाकडची माणसं आली. प्रियांकाचे वडील त्यांना सांगत होते, उन्हाने चक्कर आली, उपास होता, बाकी काही नाही. तू उठलीस आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिलीस. मुलीला फिट येतात, लहानपणापासून येतात, गोळीने ठीक राहते, आणि तिची गोळी बंद झाली ती माझ्यामुळे, हे सगळं तू सरळ सांगितलंस. पोरीत खोट नाही, लपवलं ती खोट, आणि ती निस्तरायला मी उभी आहे, असं म्हणालीस. प्रियांकाचे वडील तुझ्यावर धावून आले, की पोरीचं लग्न मोडलंत. मुलाची आई तोंड फिरवून निघून गेली. तू हलली नाहीस. नवरा मुलगा तेवढा मागे राहिला. तो थोडा वेळ घुटमळला आणि मग डॉक्टरांच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं की तिला भेटता येईल का.

त्यानंतर तुला भूमिपूजनाला जायचं होतं, त्या बिल्डरच्या देवळाच्या. मला वाटलं तू जाणार नाहीस. तू गेलीस, आणि मला बरोबर घेऊन गेलीस. मंडप, फुलं, पुढारी, ती लाल खुर्ची. तुझ्या हातात माईक दिला. तू बसलीच नाहीस, आणि आपल्या बोलीत बोललीस.

“मी देवी नाय. देवी असती तर माजा सागर वाचवला असता. मना गाता येतं, तेवढंच येतं. गोली बंद करू नका कोनी. आनि माज्या पाया पडू नका, मना ते गोड लागाया लागलंय.”

ते शेवटचं वाक्य, आई. बाकी सगळं कुणीही बोललं असतं, विनय म्हणून बोलतात लोक. पण हजार माणसांसमोर, पुढाऱ्यांसमोर, मला हे गोड लागायला लागलंय असं कोण कबूल करतं? लोकांना कळेना टाळी वाजवावी की काय करावं. तू माईक त्या निवेदकाच्या हातात दिलास आणि पायऱ्या उतरलीस. आपण गाडीत बसलो, आणि तू एकदम हसायला लागलीस. इतकी हसलीस की तुला ठसका लागला. सागर गेल्यापासून मी तुझं तसं हसू ऐकलं नव्हतं.

बिल्डर रागावला, होर्डिंग उतरलं, महोत्सवाची बोलावणी आटली. गावातही कुजबुज झाली की बाईचं डोकं फिरलं. तुझा मात्र आवाज त्या दिवसापासून पुन्हा आधीसारखा लागायला लागला. प्रियांकाचं लग्न झालं, त्याच मुलाशी. त्याच्या आईला मनवायला तू तीनदा की चारदा त्यांच्या घरी जाऊन आलीस, दर वेळी सुकी मासळी घेऊन. ती बाई शेवटी म्हणाली म्हणे, की बाई तुझ्या मासळीसाठी तरी होय म्हणते. हळदीला तू जमिनीवर बसून गायलीस. मी त्याही दिवशी गाडी चालवायला होते, आणि मुद्दाम रजा घेऊन होते.

मग तू आणि कमळामावशीने ओट्यावर मुली जमवल्या. आधी गावातल्या चार पोरी, मग समोरच्या टॉवरमधल्याही. त्यांतल्या काहींना ‘ळ’ कुठे ‘ल’ होतो ते समजायलाच आठवडे लागले. तू त्यांना गाणं शिकवायचीस आणि वर एक तंबी द्यायचीस. गाणाऱ्याने कुणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, हळद लावायची, घरी यायचं. मुली हसायच्या. त्यांना त्यामागचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी आत चहा टाकत उभी राहायचे.

आपला वाद? तो तसाच राहिला. मी अजून देव मानत नाही. तू आजारी पडल्यावर, दवाखान्यात, माझ्या मनात आलं की तुझ्यासाठी तरी काहीतरी मागावं. तुला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. तू म्हणालीस, तू उगीच काही मागू नकोस, तुला जमायचं नाही, तू नुसती बस. मी बसले. तुझ्या हातात सलाइनची सुई होती, म्हणून तुझी बोटं तेवढी धरून. मला तुला सांगायचं होतं की देव असेल तर तो कसा असावा याची माझी सगळी कल्पना तुझ्यावरून आलेली आहे, आणि ही गोष्ट तुला अजिबात आवडणार नाही, म्हणून मी बोलले नाही. नंतर बोलायची संधी राहिली नाही. आता लिहिलंय. रागाव.

आणखी एक सांगायचंय, तू गेल्यावरचं, जे तुला दिसलं नाही. की दिसलं, ते तू तुझ्या पद्धतीने ठरव.

तुला न्यायच्या दिवशी गावात लग्न होतं. शेवटच्या गल्लीत मांडव, हळदीची सकाळ. तुझी बातमी कळताच त्यांनी वाजंत्री थांबवली, हळद पुढे ढकलायचं ठरवलं. कमळामावशी त्यांच्याकडे गेली. आपल्या घरून गेली, तुला आंघोळ घालून. तिने त्या घरच्यांना सांगितलं की यमुनेसाठी लग्न थांबवाल तर यमुनेला काय तोंड दाखवू, गाणं चालू करा. कुणी तयार होईना. मग ती स्वतःच पाटासमोर बसली आणि तुझ्या शिकवलेल्या पोरींना तिने आजूबाजूला बसवलं.

तुला घेऊन आम्ही त्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्या सगळ्या उठून रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. अंगभर हळद लागलेली नवरी हात जोडून उभी, तिच्याभोवती बायका, आणि गाणं चालू. मयताच्या वाटेवर लग्नाचा धवला. आमच्यातले काही म्हातारे बिचकले. नीलेश खांदा देत होता, तो थांबला, म्हणून सगळेच थांबले. विकी दुसऱ्या बाजूच्या खांद्याला होता. कुणी रडत नव्हतं असं नाही, सगळ्याच रडत होत्या, पण गात होत्या. कमळामावशीने तुझी, पहिली ओळ टाकली आणि मधेच तिचा आवाज फाटला, बंद पडला. मग त्या टॉवरमधल्या मुलीने, जिला ‘ळ’ आणि ‘ल’ चा गोंधळ होता तिने, ती ओळ उचलली. तिच्यामागे बाकीच्या आल्या. आम्ही चालायला लागलो. मी मागे वळून बघितलं नाही, गरजच नव्हती. खाडीकडच्या वळणापर्यंत गाणं तुझ्याबरोबर येत होतं, आणि कुठेही पडलं नाही.